सहा पोरं, 25 हजार रुपये आणि सहा लोककला: मदत किती करावी, कुठे थांबावं?

नदीकाठची_ताई

नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सहा स्वयंसेवकांनी (वय 18 ते 21, चार मुली, दोन मुलगे) गावातल्या सातवी ते नववीच्या मुलांसाठी आपल्या भागातल्या पारंपरिक कलेचा उपक्रम घ्यायचं ठरवलंय. हाताशी 25,000 रुपये, शाळेचा हॉल, शनिवार दुपार आणि रविवार सकाळ दोन-दोन तास, असे आठ आठवडे. मुलं 24. मी मार्गदर्शक, म्हणजे सही माझी आणि बोलणी खायची तीही मीच.

आराखडा आला तो 'लोककला महोत्सवा'चा. पोवाडा, गजनृत्य, हलगी, गोंधळ, वासुदेव, मिरजेच्या तंतुवाद्यांची सहल आणि शेवटी स्टेज, पाहुणे, शाल-नारळ. नुसत्या मांडव आणि साउंडलाच 14,000. नाही म्हटलं तर पोरांचा हिरमोड होतो. हो म्हटलं तर मुलांच्या पदरात फोटोंपलीकडे काही पडत नाही.

विचारायचं हे: एकच कला निवडायची तर कुठली, आणि ती पोरांनी स्वतः कशी निवडावी? मुलांच्या हातून प्रत्यक्ष काय बनेल? आणि मी नेमकं काय करावं, काय करू नये? 'मुलांना प्रोत्साहन द्या' छापाची उत्तरं नकोत, ती भरपूर मिळालीत.

झीलकरी

ताई, सहांतल्या पाच कला खोडायच्या. पण खोडायचं काम पोरांनाच करू द्या. त्यांना तीन प्रश्न द्या आणि दोन दिवस फिरून उत्तरं आणायला सांगा. शिकवणारा माणूस दहा किलोमीटरच्या आत आहे का, आणि त्या आठ आठवड्यांत मोकळा आहे का? सातवीतलं पोरगं चौथ्या शनिवारी स्वतः काही वाजवू किंवा म्हणू शकेल का? वाद्य बिघडलं तर जवळपास दुरुस्त होईल का? हे तीन प्रश्न लावले की यादी आपोआप गळते.

गजनृत्य डोळ्याला फार देखणं. पण तो ढोल आणि त्या ओव्या बिरोबाच्या भक्तीला बांधलेल्या आहेत. आरेवाडीच्या बनात वर्षानुवर्षं जाणाऱ्या जाणत्यांना विचारल्याशिवाय ते शाळेच्या हॉलमध्ये उचलून आणू नये. त्यांनी हो म्हटलं तरी आठ आठवड्यांत पावलं येतील, ओवी येणार नाही. गोंधळ हा विधी आहे, त्याचा क्लास होत नाही. वासुदेव एकट्याची कला, 24 मुलं करणार काय?

राहतो पोवाडा. माझं मत पोवाड्याला, कारण त्यात झील असते, म्हणजे शाहिरामागची साथ. शाहीर एकच लागतो. बाकीच्यांनी 'जी जी रं जी' वेळेवर उचलली की झालं, बेसूर पोरगंही त्यात खपून जातं. तुमच्या भागाला तर शाहिरीचं वावडं नाही. 1943 ते 46 च्या प्रतिसरकारचं कुंडल तुमच्याच तालुक्यात, अण्णाभाऊंचं वाटेगाव आणि पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष शेजारच्या वाळव्यात.

आता करायचं कसं. आठ-आठ मुलांचे तीन संच, प्रत्येक संचाला दोन स्वयंसेवक. संचात एक शाहीर, एक डफ, एक तुणतुणं, एक झांज, बाकी चौघं झीलकरी. पहिले दोन आठवडे लिहायचं नाही. फक्त टाळी, झील आणि एक जुना चौक (पोवाड्याचं कडवं) तोंडपाठ. मुलं झील उशिरा उचलतात, कारण ती शाहिराचा शब्द संपायची वाट बघतात. झील शेवटच्या अक्षरावर चढायची असते. शाहिराचं शेवटचं अक्षर लांबवून त्यावर हात खाली आणायला शिकवा, दुसऱ्या रविवारपर्यंत बसतं.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात चौक लिहायचे, संचाला दोन, प्रत्येकी आठ-दहा ओळी. ओळ एका दमात म्हणता आली पाहिजे, नाही आली तर तोडा. विषय गावातलाच. एक संच प्रतिसरकार घेईल, एक महापूर, एक गावची जुनी विहीर किंवा मोट.

इथे हमखास बिघडतं. मुलं निबंधाला यमकं लावून आणतात. त्यावर नियम एकच, प्रत्येक ओळीत एक वस्तू, जागा किंवा केलेलं काम दिसलंच पाहिजे. 'पूर आला, हाहाकार झाला' ही ओळ बाद. 'म्हशीचं दावं कापलं अन् पत्र्यावर चढली आजी' ही चालते. या ओळी घरात विचारूनच मिळतात, आणि वारसा म्हणतात तो तिथंच सापडतो. 2019 च्या पुरावर लिहिणार असाल तर ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला आधी विचारा. नको म्हणाले तर तो प्रसंग सोडा, विषय नाही.

वेळ दिवाळीनंतरची धरा. गणपती ते दसरा एकही चांगला वादक हाताला लागत नाही, पावसाळ्यात चामडं उतरतं, आणि फेब्रुवारीनंतर परीक्षा नि यात्रा. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा ते जानेवारी हीच फट आहे. स्नेहसंमेलनाची तारीख मात्र मुख्याध्यापकांकडून आधी घ्या, नाहीतर तुमची मुलं तिकडे नाच बसवायला जातील.

खुंटी_पीळ

पोवाडा घेताय तर तुणतुणी विकत आणू नका, मुलांकडून बनवून घ्या. शनिवार-रविवारच्या चार बैठका पुरतात. दोन मुलांत एक, म्हणजे 12.

साहित्य: दूध पावडरचा 500 ग्रॅमचा पत्र्याचा डबा (तोंड साधारण 10 सेंमी). भरीव बांबूची काठी 80 सेंमी लांब, दोन-अडीच सेंमी जाड. 0.30 मिमीची पोलादी तार, प्रत्येकी दीड मीटर घ्या, कारण पहिली तुटणारच. लाकडी खुंटी. जाड कोटाचं बटण. चामड्याची रुपयाएवढी चकती. दोन बोल्ट, चार वायसर.

काठी बुरुडाकडून घ्या आणि दोन महिने सावलीत वाळलेली मागा. ओल्या काठीत आज घट्ट बसलेली खुंटी पंधरा दिवसांत सैल होते, कारण वाळताना भोक वेडंवाकडं होतं. खुंटीचं भोक काठीच्या वरच्या टोकापासून 8 सेंमीवर, पेराच्या अगदी जवळ पाडा. दोन पेरांच्या मधोमध पाडलं तर काठी उभी चिरते. भोकाच्या वर-खाली सुती दोऱ्याचे दहा-दहा वेढे फेविकॉल लावून आवळा. आधी 6 मिमीचं भोक, मग गोल कानशीने एका बाजूने मोठं करत जायचं, म्हणजे निमुळती खुंटी चावून बसते. खुंटी घसरत असेल तर फळ्याचा खडू घासा, अडकत असेल तर कोरडा साबण.

डब्याचं झाकण काढून तोंड उघडं ठेवायचं, बूड तसंच. बुडाच्या मध्यावर 2 मिमीचं भोक. काठी डब्याला बाहेरून लावून दोन बोल्टने आवळायची. तार बुडाच्या भोकातून आत घ्यायची, बुडाखाली बटण, आणि बटण नि पत्र्याच्या मध्ये ती चामड्याची चकती. चकती विसरलात तर पत्र्याची धार तार कापते, आणि तुटलेली तार थेट चेहऱ्याकडे येते. तार चढवताना चष्मा किंवा वेल्डिंगचा साधा गॉगल घालायला लावा, तोंड काठीच्या रेषेत आणू देऊ नका. डब्याच्या तोंडाची धार आधीच कानशीने मारून त्यावर टेप लावा.

बुडापासून खुंटीपर्यंत 65 सेंमी तार राहिली तर 0.30 ची तार पेटीवरच्या मंद्रातल्या काळी चार या सुराला नीट बोलते. तेव्हा ताण साधारण चार किलोचा असतो, तो पत्रा सोसतो. मुलींना नि लहान मुलांना ही पट्टी गळ्याला बरी. याहून वर जायचं असेल तर तीच तार ताणत बसू नका, 0.25 ची लावा.

पत्र्याचा आवाज थोडा खरखरीत येतो. खरा गोडवा चामड्याचाच. पण शेळीचं चामडं चार तास भिजवून, कडं घालून ओढून, दोन दिवस सावलीत वाळवावं लागतं. घाईने उन्हात ठेवलं की एका बाजूने आखडतं. पहिल्या खेपेला पत्राच ठेवा, एक-दोन डब्यांची बुडं कापून त्यावर चामडं चढवून दाखवा. मुलांना फरक कानाने कळू दे.

आणि हो, 12 तुणतुणी घरी कोण नेणार हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. शाळेच्या ग्रंथालयात राहतील असं ठरवा. नाहीतर शेवटच्या रविवारी पोवाडा बाजूला आणि भांडण पुढे.

नदीकाठची_ताई

झीलकरी, खुंटी_पीळ, फार उपयोगी. पोरांना 'हो की नाही' असा प्रश्न न देता 'या तीन प्रश्नांत काय बसतं' असा दिला तर चिडचिड होत नाही हे पटलं.

पण सहांतली दोन पोरं हलगीवर अडून बसलीत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. गावात उत्तम वाजवणारे आहेत. अडचण वेगळी आहे. दोन पालकांनी आताच कुजबूज सुरू केलीय की 'आमच्या पोरीच्या हातात हलगी कशाला'. का ते सांगायची गरज नाही. यात काय करावं?

दोन_काड्या

सांगायची गरज नाही म्हणून सगळे गप्प बसतात, आणि तिथंच घोडं अडतं. हलगी मातंग समाजाने पिढ्यानपिढ्या सांभाळली. लग्नात, जत्रेत, कुस्तीच्या फडात ती सगळ्यांना हवी असते. शिकायची वेळ आली की मात्र कमीपणा वाटतो. उपक्रम 'आपला वारसा' म्हणून घेताय तर हे पोरांना माहीत असलंच पाहिजे. पण 24 मुलांसमोर त्यावर भाषण नको, त्याने वाजवणाऱ्याच्याच घरातलं पोरगं अवघडतं. काही साध्या गोष्टी करा. वादकाला 'गुरुजी' म्हणून बोलवा, मानधन शाहिराइतकंच द्या, आणि पालकसभेत त्यांची खुर्ची पुढच्या ओळीत, नाव पत्रिकेत शाहिराच्या बरोबरीने. ज्या पालकांना नको त्यांच्या मुलांवर जबरदस्ती नाही, ती झांज वाजवतील. चौथ्या आठवड्यात तीच मुलं काड्या मागायला येतील.

पण आठ आठवड्यांत हलगी 'शिकवू' नका, ती पोवाड्याला जोडा. पूर्ण ताफा म्हणजे हलगी, घुमकं, कैताळ, त्यातलं फक्त हलगीचं एकच चाल-अंग घ्या. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्यात बारीक लवचीक काडी. नवशिक्याची चूक ठरलेली: दोन्ही हात सारख्याच जोराने. बारीक काडीचा हात मनगटातून सुटा हवा, कोपर हलला की लय पळते. पहिले दोन आठवडे हलगी हातात देऊ नका, पोत्याच्या घडीवर वाजवू द्या. आवाज होत नाही, शाळा चिडत नाही.

तापवणं हे मोठ्यांचंच काम. पाचट पेटवायचं नाही, त्याचा जाळ एकदम भडकतो. कागद किंवा वाळल्या काटक्यांचा लहान जाळ, हलगी वीतभर अंतरावर, सतत फिरती. एका जागी धरली की कड्याजवळ चामडं चिरतं. ठण्ण आवाज आला की बास. बंद हॉलमध्ये सहा हलग्या वाजवू नका, कान दुखतात. पडवीत किंवा झाडाखाली घ्या. फायबरच्या हलग्या मिळतात, त्या तापवाव्या लागत नाहीत, पण आवाज कर्कश. सरावाला चालतील.

वहीखातं

वरच्या मंडळींनी कलेचं सांगितलं. ताईंचा तिसरा प्रश्न मात्र तसाच राहिलाय, की मार्गदर्शकाने काय करू नये.

कलाकाराला फोन तुम्ही करू नका. पहिल्या भेटीला सोबत जा, ओळख करून द्या आणि गप्प बसा. दुसऱ्या भेटीला जाऊच नका. मार्गदर्शक समोर असला की कलाकार त्याच्याकडे बघूनच बोलतो, पोरं खुर्च्या मांडणारी होऊन जातात.

तीन निर्णय तुमच्या हातात ठेवा: मुलांची सुरक्षा, खर्चाची कमाल मर्यादा, आणि एकदा बोललेलं मानधन कमी न करणं. बाकी सगळं त्यांचं. चुकीचा रंग, चुकीची वेळ, कंटाळवाणा खेळ, चुकू दे. दर सोमवारी वीस मिनिटं बसा आणि तेच तीन प्रश्न विचारा: काल किती मुलं आली, कोण दुसऱ्यांदा गैरहजर, पुढच्या शनिवारसाठी काय आणायचं राहिलंय. उत्तर वहीत पोरांच्याच अक्षरात. प्रत्येक कामाला जोडी लावा, कारण सत्र परीक्षेच्या आठवड्यात एक तरी गळणार.

पैसे असे बसतात. बैठका सोळा, त्यातल्या आठ बैठकांना कलाकार, प्रत्येकी 1,200 म्हणजे 9,600. शाहीर पाच आणि हलगीवाले तीन असं वाटा. साहित्य 6,000. एका सहलीचा प्रवास 3,500. तीस जणांना सोळा वेळा आठ रुपयांचा खाऊ, 3,840. झाले 22,940. उरलेले 2,060 राखीव, त्यांना सहाव्या आठवड्याआधी हात लावायचा नाही. मांडवाला एक रुपया नाही. हिशेब दर रविवारी शाळेच्या फळ्यावर लिहा, मुलांसमोर. मानधन त्याच दिवशी पाकिटात, पावतीवर सही. 'शेवटी एकदम देऊ' म्हटलं की तिसऱ्या आठवड्यात कलाकाराला लग्नाची सुपारी येते आणि तो तिकडे जातो. त्याचं काही चुकत नाही.

स्वयंसेवकांच्या तासांचं: सोळा बैठकांचे 32 तास, तयारी नि भेटी धरून 60-65. वर्षाच्या 120 तासांत हे सहज धरता येतील. तारीखवार नोंद आणि कामाचं नाव लिहा, 'उपक्रम' एवढंच लिहिलं तर वर्षअखेरीला आठवत नाही.

कलाकाराचं ध्वनिमुद्रण करणार असाल तर परवानगी तीन वेगळ्या ओळींत घ्या: रेकॉर्ड करायला, गावात दाखवायला, इंटरनेटवर टाकायला. पहिल्याला हो म्हणणारे बरेचजण तिसऱ्याला नाही म्हणतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. मुलांच्या पालकांकडूनही तसंच. मोबाइल विमान मोडवर, पंखा बंद, फोन हातभर अंतरावर कापडावर ठेवा, एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका, मगच सुरू. 'ही कला कधी सुरू झाली' हा प्रश्न विचारूच नका, त्याला सगळीकडे एकच उत्तर येतं. 'पहिलं चामडं कुणी चढवून दिलं', 'सुपारीचे पैसे कसे वाटतात', 'पावसात काय करता' हे विचारा.

तारेवरचा

मिरजेची सहल खोडू नका. फक्त पद्धत बदला.

तीस जण एकदम तंतुवाद्यांच्या कारखान्यात नेऊ नका. तिथे कारागीर जमिनीवर बसून काम करतात, वाळत घातलेले भोपळे असतात, पॉलिश ओलं असतं. एका वेळी आठ, बाकीचे बाहेर. आधी जाऊन वेळ ठरवणं पोरांचं काम. मुलांना 'सतार बघायला' नेलं तर दहा मिनिटांत कंटाळतात. एकच गोष्ट ऐकायला न्या: जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस.

तंबोऱ्याच्या घोडीचा (तारा ज्यावर टेकतात तिचा) माथा सपाट दिसतो, पण तो किंचित उताराचा घासलेला असतो, म्हणून तार त्यावर टेकत टेकत सुटते. तार आणि घोडीच्या मध्ये एक सुती दोरा असतो. कारागिराला विनंती करा: दोरा काढून एकदा छेडा, मग घालून जरा जरा सरकवत छेडा. एका जागी आवाज एकदम उघडतो, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा. तेवढं ऐकवलं की सहल वसूल. प-सा-सा-सा ही मांडणी मुलांना म्हणायला लावा, तुणतुण्याचा 'सा' तिथेच पक्का होतो.

जाण्याआधी चार गोष्टी सांगून ठेवा. भोपळे पंढरपूर भागातून येतात, मुद्दाम पिकवलेले असतात. दांडीला तूण लाकूड. हा व्यवसाय मिरजेत शिकलगार कुटुंबांनी उभा केला, जे आधी हत्यारांना धार लावायचे. आणि मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एका पोराला हे बसमध्ये सांगायला द्या, तुम्ही सांगू नका.

सादरीकरणाबद्दलही एक सांगतो. 24 मुलं, तीन संच, दोन-दोन चौक म्हणजे सगळं मिळून पाऊण तास. याला साउंड लागतच नाही. लागला तर एक माइक शाहिराला, आणि एक तुणतुण्याच्या डब्याच्या तोंडापासून वीतभर. झीलला माइक दिला की शाहीर बुडतो. सादरीकरण देवळाच्या पारावर, संध्याकाळी सहाला. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा कायदा तर आहेच, पण सहाला आज्या येतात. दहाला फक्त मोबाइल येतात.

झीलकरी

माइकचं मान्य. एक भर: शेवटच्या चौकात शाहिराचं नाव येतं, तशी रीत आहे. मुलं तिथे शाळेचं नाव घालतात, किंवा कुणी वर्गणी दिली त्याचं. ते होऊ देऊ नका. संचानेच आपलं नाव ठरवावं आणि तेच यावं. आणि रासेयोच्या सहांची नावं कुठल्याही चौकात नकोत, हे त्यांच्याच तोंडून ठरवून घ्या. ते ठरवताना जो कुरकुर करेल त्याला खाऊचं खातं द्या, महिनाभरात जमिनीवर येतो.

नदीकाठची_ताई

काल रात्री पोरांनी स्वतःच फळ्यावर सहा नावं लिहून तीन खोडली. राहिला पोवाडा, त्याला जोडून हलगीचं एक अंग, आणि मिरजेची एकच सहल, कारखान्यात मात्र आठ-आठच्या गटांनी. मांडव गेला. एकाचा चेहरा उतरला होता, त्याने पारावरच्या सादरीकरणाची वेळ ठरवायचं काम मागून घेतलंय.

एकच राहिलं. दोन महिने वाळलेली भरीव काठी पलूसमध्ये कुणाकडे नाही. तासगावच्या बाजूला बुरुडांकडे मिळेल का, की सांगलीलाच जावं?

खुंटी_पीळ

काठीसाठी सांगलीपर्यंत धावू नका. शेतात टोमॅटोच्या मांडवाला लावलेल्या गेल्या हंगामाच्या काठ्या असतात, त्या वर्षभर उन्हा-वाऱ्यात वाळलेल्या. वाकड्या नि किडलेल्या बाजूला करा, टोकाला टिचकी मारून बघा. टणक आवाज आला तर घ्या, भद्द आला तर आतून पोकळ किंवा किडलेली. बारा हव्यात तर अठरा आणा.